उजवा पाय थोरल्याचा

बाप गेल्यावर घराची वाटणी झाली, भांड्यांची झाली, कोंबड्यांची झाली, परसातल्या पाण्याच्या पिंपाचीही झाली; म्हणजे पिंप थोरल्याकडे आणि झाकण धाकट्याकडे. आईच्या पायांची वाटणी तेवढी राहून गेली. ती पुढे नर्सबाईंच्या डोळ्यांदेखत झाली.

घर म्हणजे एका ओळीत तीन खोल्या. या टोकाला थोरला, त्या टोकाला धाकटा, मधल्या खोलीत आई. थोरला वीटभट्टीवर कामाला. दिवसभर दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा पाडायच्या आणि संध्याकाळी येऊन मातीच्या जमिनीवर झोपायचं. यात काही विनोद आहे असं त्याला कोणी सांगितलं असतं तर त्यातलीच एक वीट सांगणाऱ्याच्या डोक्यात बसली असती. धाकटा डुकरं पाळायचा. पाळायचा म्हणजे सकाळी सोडून द्यायचा. संध्याकाळी पोट भरून ती आपापली परत यायची. दोघे भाऊ एकमेकांना पाण्यात पाहायचे, आणि त्यांच्या बायकांचा सगळा दिवस ते पाणी ढवळण्यात जायचा.

मधल्या खोलीत विशेष काही नव्हतं. एक खाट, एक माठ आणि म्हातारी. पण परसात जायचा दरवाजा त्याच खोलीला होता. पिंप परसात, संडास परसात. खोली ज्याच्या ताब्यात, त्याची परवानगी घेऊन दुसऱ्याला पोट साफ करायला जावं लागणार होतं. एवढं मोठं सुख भावाच्या हाती कोण जाऊ देईल?

गावात घरांचे कागद कोणाकडेच नव्हते. नियम होता: ज्यानं खोलीची जमीन केली त्याची खोली. माती भिजवायची, पसरायची आणि लाकडी चोपण्यानं बडवून दगडासारखी टणक करायची. चोपणं ज्याच्या हातात, खोली त्याची. नियम कोणी काढला कोणास ठाऊक. पण तो मोडलेला कोणी पाहिला नव्हता.

त्यामुळे दोघा भावांनी मधल्या खोलीवर असा पहारा ठेवला की तिथे चोपणं तर सोडाच, पाण्याचा शिंतोडा पडायची सोय नव्हती. एकदा धाकट्याच्या बायकोनं धूळ बसावी म्हणून तांब्याभर पाणी शिंपडलं. थोरली जाऊ लगेच दारात.

"काय गं, पाणी कशाला मारतेस?"

"धूळ उडते. आईंना खोकला येतो."

"आईंचा खोकला! आज पाणी मारशील, उद्या चोपणं आणशील, परवा म्हणशील खोली माझी."

"खरं तर पाणी तुमच्या तोंडावर मारायला हवं होतं. इथल्यापेक्षा तिथं गरज जास्त."

थोरलीनं बाहेरून टोपलीभर सुकी माती आणली आणि त्या ओल्यावर पसरली. असं दोन्ही बाजूंनी चालता चालता मधल्या खोलीतली धूळ घोट्याला लागली. मऊ, कोरडी, उबदार. डुकरांना ती फार मानवली. आता ती दुपारीच परतून खाटेखाली लोळायची. आणि डुकरांबरोबर पिसवा आल्या.

ही पिसू कुत्र्याच्या पाठीवर उड्या मारणारी नव्हे. ही मातीत असते, माणसाच्या पायात शिरते आणि तिथेच संसार थाटते: नखाच्या कडेला, टाचेत, बोटांच्या बेचक्यात. अंड्यांनी फुगून वाटाण्याएवढी होते. वरून पांढरा फोड, मधोमध काळा ठिपका. पाय डोळे वटारून बघतोय असं वाटतं. अंडी खाली धुळीत गळतात, तिथे पुढची पिढी तयार होते आणि पुन्हा पायात येते. इतक्या जणी एका टाचेत राहतात, पण वाटणीवरून कधी आवाज नाही.

पिसवा घरात सगळ्यांनाच होत्या. पण बाकीचे दिवसभर बाहेर. म्हातारी मात्र उठल्यापासून झोपेपर्यंत त्याच धुळीत. एके काळी ही बाई गावभर लोकांची अंगणं चोपायला जायची. तिनं चोपलेल्या अंगणांत अर्धं गाव रांगायला शिकलं. आता ती स्वतः रांगत होती. पाय टेकवत नव्हते, म्हणून खाटेवरून उतरून हातांवर आणि गुडघ्यांवर संडासापर्यंत जायची. थोरली म्हणायची, "धाकटीनं हात धरायला नको का?" धाकटी म्हणायची, "मोठेपणा कुणाकडे आहे?" हे ठरेपर्यंत म्हातारी जाऊन परत आलेली असायची.

नर्सबाई आल्या त्या दिवशी ती खाटेवर बसून पिनेनं टाच कोरत होती.

नर्सबाई दवाखान्याच्या स्कूटरवरून गावोगाव फिरायच्या. स्पिरिटसारखा स्वभाव, जिथे लागायच्या तिथे चरचरायचं. त्यांनी म्हातारीचे पाय हातात घेतले आणि उजेडाकडे वळवले. टाचा मधाच्या पोळ्यासारख्या झाल्या होत्या. तीन नखं उचलली गेली होती.

"ही पिन कुणाची?"

"घरची," म्हातारी म्हणाली.

"घरची म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांची. मी झाले की थोरला नेतो, त्याचं झालं की धाकटा."

हे खरं होतं. बापाच्या मागे एकमेकांच्या हातचं पाणी न प्यालेले दोन भाऊ एकाच पिनेनं पाय कोरत होते. वाटणीतून सुटलेली घरातली ती एकमेव वस्तू होती.

"या पिनेनं एकाचं रक्त दुसऱ्याच्या पायात जातं," नर्सबाईंचा आवाज चढला. "धनुर्वात होतो धनुर्वात! दातखीळ बसते, माणसाला तोंड उघडता येत नाही."

"मग आधी धाकटीला द्या," थोरला दारातून म्हणाला.

"तुमच्या घरातच ठेवा भावजी," धाकटी दुसऱ्या दारातून म्हणाली, "वहिनींची दातखीळ बसली तर गाव तुमचे उपकार मानेल."

नर्सबाईंनी पिन जप्त केली. मग पिशवीतून एक बाटली काढली आणि सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं. हे तेल फोडांवर रोज लावायचं, दोन्ही पायांना. पिसू आतच गुदमरते आणि सुकून गळते. कोरायचं नाही, कापायचं नाही, रॉकेल ओतायचं नाही. पाय रोज साबणानं धुवायचे. हे रबरी बूट, बंद आहेत, जमिनीवर पाय टेकायचा तर यातच. डुकरं घराबाहेर. आणि ही जमीन टणक करून घ्यायची, कारण मूळ या धुळीत आणि डुकरांत आहे.

"जमिनीचं नंतर बघू," दोघे भाऊ एका सुरात म्हणाले, आणि एका सुरात बोललो म्हणून दोघांचंही तोंड कडू झालं.

"ते आत्ताच बघा. असेच राहिलात तर आजींची बोटं जातील. मग पाय जाईल. आजी, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय?" म्हातारी म्हणाली. "मला कुणाचा हात न धरता परसाकडे जायचंय. माणसासारखं. उभ्यानं. बाकी यांचं चालू दे."

"बाटली मोठ्या घरात राहील," थोरला म्हणाला.

"मोठं घर कुठलं? मोजून दाखव," धाकटा म्हणाला.

"अरे, आई एक, बाटली एक!" नर्सबाई ओरडल्या. "त्यांची पाठ वाकत नाही, म्हणून सुनांनी लावायचं. त्यात कसली वाटणी?"

धाकट्यानं थोडा विचार केला. तो विचार करायचा तेव्हा घरातले आधी आपापल्या वस्तू मोजून घ्यायचे.

"आईला पाय दोन आहेत. सुना दोन आहेत."

"उजवा माझा," थोरला लगेच म्हणाला. "मी थोरला आहे."

ही थट्टा आहे असं नर्सबाईंना वाटलं. त्यांना अजून दोन गावं करायची होती. "कसंही करा, पण रोज लावा," असं म्हणून त्यांनी स्कूटरला किक मारली. धूळ खाली बसायच्या आत अर्धं तेल खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतून झालं होतं. बुटांचीही वाटणी झाली. उजवा बूट थोरल्याच्या खुंटीला, डावा धाकट्याच्या. म्हातारीनं तेवढं विचारलं, "आणि मी कुठल्या खुंटीला?" पण दोघेही बाटल्या उजेडात धरून तेल सारखं पडलंय का ते बघत होते.

थोरलीनं उजव्या पायाची सेवा सुरू केली. एवढी सेवा तिनं नवऱ्याची केली नव्हती. रोज साबण, रोज तेल, बोटाबोटाच्या बेचक्यात. फोड काळे पडले, सुकले, गळले. टाच टाचेसारखी दिसायला लागली. मग थोरल्यानं भट्टीवरची माणसं बघायला आणली. म्हातारीच्या अंगावरचं पांघरूण तो अगदी मापात उचलायचा: उजवा पाय दिसेल, डावा झाकलेला राहील.

"हा आमचा," तो म्हणायचा. "आता जरा तो बघा." मग डाव्यावरचं उचलायचा आणि भट्टीवरच्यांना नाक धरायला लावायचा.

कारण धाकट्यानं डाव्या पायाच्या वाटचं तेल डुकरिणीला लावलं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं: मूळ डुकरांत आहे असं बाईच म्हणाल्या, शिवाय डुकरीण गाभण होती, आई नव्हती. डुकरिणीचे चारही पाय लख्ख झाले. ती टुणटुण उड्या मारायला लागली. डाव्या पायाला धाकटीनं कढईतलं उरलेलं तेल लावलं, त्यावर मुंग्या लागल्या. आणि दोघांपैकी कोणाच्याही नकळत, शेजारणीकडून नवी पिन मागून घेऊन म्हातारी आपली आपण डावी टाच कोरत होती. डावा पाय सुजला, लाल झाला, त्याला पू आला. मग ताप चढला.

"आईला ताप आहे," थोरलीनं नवऱ्याला सांगितलं.

"डावा पाय आपल्याकडे नाही," थोरला म्हणाला.

भिंतीपलीकडून धाकटा ओरडला, "उजव्याची एवढी कौतुकं केलीत, आता ताप पण घ्या!"

मधल्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला. बारीक होता, पण दोन्ही घरांत ऐकू गेला. "ताप अंगभर आहे रे. तो कुणाच्या वाटणीत ते ठरलं की मला कळवा."

पुढच्या फेरीला नर्सबाई आल्या त्या सिमेंटची पोती घेऊन, दवाखान्याच्या टेम्पोतून, बरोबर एक गवंडी. गावातल्या या ओळीतल्या सगळ्या घरांच्या जमिनी दवाखान्याच्या खर्चानं करायच्या होत्या. आधी त्या मधल्या खोलीत आल्या, पाय बघितले, आणि मग जे बोलल्या ते पलीकडच्या शेवटच्या घरापर्यंत पोचलं. पाय वाटून घेतलेली माणसं त्यांनी नोकरीत पाहिली नव्हती. जनावरं पाहिली होती, पण जनावरंही पिल्लाला अख्खं चाटतात. इंजेक्शन दिलं, जखम धुतली, नवी पिनही काढून घेतली, गोळ्या दिल्या.

"आठवड्यात उतार पडला नाही तर मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. तिथे पाय काढतील."

"डावाच ना?" थोरल्यानं विचारलं. चेहरा दुःखी करायचा त्यानं बराच प्रयत्न केला.

नर्सबाईंनी गवंड्याला हाक मारली. "आधी ही खोली घे रे. आत्ता. माझ्यासमोर."

तेव्हा एक नवल घडलं. थोरला आणि धाकटा एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून दारात उभे राहिले.

"कुणाच्या नावानं करणार?" थोरला म्हणाला.

"कुणाच्या म्हणजे? आजी राहतात त्यांच्यासाठी!"

"चोपणार कोण?"

"हा गवंडी चोपेल."

"म्हणजे खोली गवंड्याची!" धाकटा किंचाळला. "दादा, बघतोस काय, दवाखान्याला खोली हवी आहे!"

"तेलाचं निमित्त होतं नुसतं," थोरला म्हणाला. "आमच्या आईच्या पायातून आमच्या घरात शिरताय होय?"

गवंडी दोन पावलं मागे सरकला. त्याचं स्वतःचं घर त्याच्याच भावानं बळकावलेलं होतं, त्यामुळे त्याला या विषयाची आवड नव्हती. पोती ओसरीच्या कडेला पडली. नर्सबाई पुन्हा आत गेल्या आणि म्हातारीच्या खाटेवर नवी बाटली ठेवली.

"आजी, ही आता तुमची. कुणाला हात लावू द्यायचा नाही. पाठ वाकेल?"

"वाकेल."

"मागच्या वेळी वाकत नव्हती."

"मागच्या वेळी सुनांवर भरवसा होता."

त्या दिवसापासून म्हातारीनं सुनांना खोलीत थारा दिला नाही. थोरली साबण घेऊन आली, तिला म्हणाली, "ठेव तिथं आणि जा. उजव्याला आता बघायला काही उरलं नाही." धाकटी आली, तिला म्हणाली, "जा, डुकरिणीचे पाय दाब." दोन्ही बूट मागवले. थोरल्यानं धाकटा काय करतो ते आधी बघून मग उजवा दिला. धाकट्यानं डावा तसाच. दिवसभर पाय खाटेवर. तेल, गोळ्या, साबण. कण्हत, शिव्या देत, ती स्वतःच्या गुडघ्यावर वाकायची आणि एकेक फोड शोधायची. ताप उतरला. डाव्या पायाची करंगळी काळी पडून गळाली, बाकी पाय राहिला. दुपारी घर रिकामं असलं की ती बूट घालून भिंतीला धरून उभी राहायची. मग भिंत सोडून. कोणी आलं की पुन्हा खाली बसून रांगायची.

"काही फरक नाही का गं?" धाकटा विचारायचा.

"तुझी आहे ना डावी बाजू, तुला माहीत," म्हातारी म्हणायची आणि रांगत परसात जायची.

मग एके दिवशी, गाभण म्हणून कोंडून ठेवलेली धाकट्याची डुकरीण पळाली. पाय लख्ख झालेले, आता तिला कोण अडवणार? कुंपण ओलांडून शिवारापार. धाकटा, धाकटी, हातात काठ्या, मागे धावले. ही बातमी लागताच थोरलीनं चुलीवरचं उतरवलं आणि ती फजिती बघायला गेली. वाटेत भट्टीवर जाऊन नवऱ्यालाही घेऊन गेली. असा योग पुन्हा येईल न येईल.

गवंडी ओळीतल्या शेजारच्या घरात, चोपणं घरच्यांच्या हाती देऊन, जमीन करत होता. ओसरीवर बूट घातलेली म्हातारी उभी बघून त्याच्या हातातलं घमेलं पडलं.

"ये इकडे. ती पोती आण. माती मी बाहेर ओढून ठेवते, तू चाळून कालव."

"आजी, तुमची मुलं मला मारतील."

"मला मारत होतीच की. कालव."

तिनं धूळ खरवडून बाहेर ओढली, त्यानं ती चाळली, माती नि सिमेंट पाण्यात कालवलं, पसरलं. मग चोपणं उचलायला वाकला, तर म्हातारीनं त्याच्या हातावर चापट मारली.

"बसा आजी, मी करतो ना."

"तू फक्त पसर. चोपणं माझ्या हातात राहील. तू चोपलंस तर खोली तुझी होईल, मग मला तुझ्याशी भांडावं लागेल. आधीच दोघे आहेत."

आणि तिनं चोपलं. एका जागी टेकून, मग सरकून, मग पुन्हा. आजूबाजूच्या घरांतल्या बायका त्या आवाजानं बाहेर आल्या. अख्ख्या ओळीनं चोपणं कोणाच्या हातात आहे ते पाहिलं. म्हातारी थांबली तेव्हा जमीन काळीशार, सपाट, ओली होती आणि ती स्वतः परसाच्या दारात पिंपाला टेकून धापा टाकत होती.

संध्याकाळी चौघं परतली. डुकरीण सापडली नव्हती, त्यामुळे थोरला खुशीत होता. दारात आल्यावर त्याची खुशी गेली.

"कोणी केलं हे?" तो धाकट्याच्या अंगावर धावला.

"मी तुझ्यासमोर चिखलात होतो!"

"मग तू?" थोरली धाकटीकडे वळली. "मी वर्षानुवर्षं म्हणतेय, हिचा डोळा आहे."

"मी केली," म्हातारी म्हणाली.

दोघांना ती कुठून बोलते ते कळेना, कारण ते सवयीनं खाली बघत होते. ती उभी होती.

"आई, तू चालतेस?"

"चालते. खोली माझी. बायकांना विचारा."

बायकांना विचारायची गरज पडली नाही; त्या ओसरीवर उभ्याच होत्या, आणि इतकं चांगलं भांडण फुकट बघायला मिळत असताना खोटं बोलायचं त्यांना कारण नव्हतं. थोरल्यानं नियमात खोट काढून बघितली. म्हाताऱ्या आईनं चोपलेलं धरत नाहीत, तो म्हणाला. कुठल्या गावात, असं एकीनं विचारलं. धाकट्यानं सिमेंट सरकारी आहे असं काढलं. चोपणं सरकारी नव्हतं.

मग दोघे भाऊ, आयुष्यात पहिल्यांदा, डुकरिणीच्या रिकाम्या खोपटाच्या भिंतीवर शेजारीशेजारी बसले आणि आईला बाहेर कसं काढायचं याचा विचार करू लागले. धाकट्यानं थोरल्याला तंबाखू दिली. थोरल्यानं घेतली. बापाच्या मागे इतकी माया त्या घरात दिसली नव्हती.

जमीन वाळल्यावर म्हातारीनं दार उघडलं. दाराबाहेर पाण्याची बादली ठेवली, शेजारी साबण. मग बूट घालून, कोणाचाही हात न धरता, मधल्या खोलीतून चालत परसात गेली. दोघे भाऊ, दोघी जावा बघत राहिले. ती निवांत परत आली, हात धुतले, खाटेवर बसली.

थोरल्याच्या पोटात कळ आली होती. परसात जायला दुसरा रस्ता म्हणजे अख्ख्या ओळीला वळसा आणि मध्ये नाला. "आई," तो म्हणाला, "जाऊ का आतून?"

"जा की. पाय धुऊन. साबणानं. बोटांच्या बेचक्यातून. आणि तेल आहे, नंतर लावून घे, तुझ्याही टाचा बघितल्या मी."

"आणि मी?" धाकटा म्हणाला.

"तूही. डुकरं बाहेर."

थोरल्यानं बादलीकडे बघितलं, मग धाकट्याकडे. धाकट्यानं थोरल्याकडे बघितलं. जो आधी पाय धुईल त्यानं खोली आईची म्हणून मान्य केली असा अर्थ होणार होता, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"तू आधी," धाकटा म्हणाला. "तू थोरला आहेस."

"तू लहान आहेस. लहानांनी आधी धुवायचे असतात."

म्हातारीनं पाय खाटेवर घेतले आणि करंगळी नसलेल्या डाव्या पायाला तेल चोळायला लागली. बाहेर बादली भरलेली आहे. थोरला रोज नाल्यावरून जातो, आणि त्याच वाटेवर, थोडं अंतर ठेवून, धाकटा.